बाथरूममध्ये पाय घसरला: गरोदरपणातली घरची मारहाण आणि तब्येत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक काम. हे पान नवऱ्याच्या फोनवर, किंवा घरात सगळे हाताळतात त्या फोनवर वाचत असाल, तर वाचून झाल्यावर हिस्टरी पुसून टाका. आत्ता या क्षणी जिवाची भीती असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा. अंगावरून रक्त जात असेल तर १०८.

नाशिकमध्ये गरोदर बायकांच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली. मार लागलेल्या बाईच्या केसपेपरवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य म्हणजे ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडली’. या शहरातल्या सगळ्या फरशा एवढ्या निसरड्या असतील असं मला कधीच वाटलं नाही. खालचे प्रश्न कुणी टेबलाशी, कुणी वजनकाट्यावर उभं राहून, कुणी वऱ्हांड्यात हळू आवाजात विचारलेले आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यांची सरमिसळ केली आहे.

दोन जिवांच्या बाईला कोण मारतं? हे खरंच होतं का?

होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी ३.१ टक्के जणींनी गरोदरपणात शारीरिक मारहाण झाल्याचं सांगितलं. नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या २९.३ टक्के. आकडा ३ चा आहे म्हणून लहान वाटतो, पण तो फक्त मारहाणीचा आहे, आणि फक्त सांगितलेल्या मारहाणीचा. ओसरीत सासू बसलेली असताना सर्वेक्षणवाल्या बाईला कोण काय सांगणार?

डोहाळे जेवणाचे फोटो बघून अंदाज बांधू नका. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाळण्यासारखा सजवलेला झोपाळा आणि दंडावरचा वळ बाहीखाली झाकलेला, असंही मी पाहिलं आहे.

माझा नवरा हात उचलत नाही. मग याला हिंसाचार म्हणायचं का?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये चार प्रकार सांगितले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. म्हणजे ‘तुझ्या बापाने काय दिलं’ हे रोज ऐकवणं त्यात येतं. माहेरी फोन करू न देणं येतं. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे मणी विरळ करायला, जोडीने जायचं आणि दोघांची मजुरी एकट्या नवऱ्याने खिशात घालायची, हेही येतं. सोनोग्राफीला पैसे मागितले तर ‘आमच्या आयांनी कुठे केल्या होत्या’ म्हणून टाळणं, तेही. हात उचलला नाही ही मेहरबानी नव्हे.

त्याने ढकललं, पोट ओट्याच्या कडेवर आपटलं. पण रक्त गेलं नाही. थांबून बघू का?

नाही. हे उत्तर नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

पोटावर मार बसला की गर्भाशय ताणलं जातं, पण त्याला चिकटलेली वार, म्हणजे बाळाला रक्त पुरवणारा अवयव, ताणली जात नाही. त्यामुळे ती गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते. वार सुटली की बाळाचा रक्तपुरवठा तुटायला लागतो आणि आईच्या पोटात रक्तस्राव होतो. हे रक्त दरवेळी खाली येतंच असं नाही, ते वारेमागे साचून राहू शकतं. बाहेरून सगळं कोरडं, आणि आत बाई रक्त गमावत असते. पोट दगडासारखं कडक होणं, सतत दुखणं, कंबर भरून येणं, चक्कर, घाम, बाळाची हालचाल कमी होणं, पाणी जाणं, यातलं काहीही दिसलं तर तासभरही घरी थांबायचं नाही. काही दिसलं नाही तरी पाच महिन्यांनंतरच्या पोटावर मार लागला असेल तर दवाखान्यात जायचंच. तिथे बाळाचे ठोके आणि पोटाच्या कळा निदान चार तास लक्ष ठेवून पाहतात. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबून घरी परतू नका. सुटलेली वार सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही.

दुसरी गोष्ट, रक्तगट. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोटावर मार लागल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं, कारण बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलेलं असू शकतं. ते राहिलं तर त्रास पुढच्या बाळाला होतो. आता गंमत बघा. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणालात आणि ‘हातावर पडले, पोटाला काही नाही’ असंही जोडलंत, तर डॉक्टर हे इंजेक्शन कशाला देतील? खोटं कारण सांगितलं की उपचारही त्या खोट्या कारणाचे मिळतात.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आड असतं, त्यामुळे थेट मार कमी पोचतो. तरीही दुखत असेल किंवा डाग दिसला तर दाखवा. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाणही जास्त आढळतं.

त्याने गळा दाबला, पण आता बरी आहे.

तरीही आजच दाखवा. गळ्यावर वळ नसला तरी आत सूज येऊ शकते, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि त्रास काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही सुरू होतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी लघवी झालेली असणं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आईचा प्राणवायू तुटला की बाळाचाही तुटतो. आणि एकदा गळ्याला हात घातलेल्या माणसाकडून पुढे बाईचा जीव जाण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. थप्पड आणि गळा, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

मार नाही, पण रोज शिव्या आणि धाक. पोटातल्या बाळाला त्याचं काय कळतंय?

शब्द कळत नाहीत. पण आईचं शरीर सतत दचकलेलं असलं की त्याचे परिणाम त्याच्यापर्यंत जातात. ताणाच्या वेळी शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती थोडा वेळ वाढून उतरली तर ठीक. महिनोन्‌महिने चढलेलीच राहिली तर झोप जाते, रक्तदाबावर परिणाम होतो, बाळ कमी दिवसांचं जन्माला येण्याची शक्यता वाढते. बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली राहण्याचा धोकाही अशा घरांत जास्त दिसतो.

पण खरं सांगायचं तर मला संप्रेरकांपेक्षा दुसरी वाट जास्त वेळा दिसली, ती म्हणजे पोळीची. शिवीगाळ होते त्या घरात बाई शेवटी जेवते आणि उरलं तेवढं जेवते. भांडण झालं की जेवतच नाही. तपासणीची तारीख चुकते, कारण ‘कामं कोण करणार’. पहिल्या तीन महिन्यांत व्हायची नोंद आठव्यात होते. तोवर हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असतं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. अशा बाईला बाळंतपणात नेहमीएवढं रक्त गेलं तरी ते तिला झेपत नाही. तंबाखू-मिश्रीची सवयही या ताणातच वाढते. यातल्या एकाही गोष्टीचा वळ उठत नाही.

सासू लोहाच्या गोळ्या खाऊ देत नाही. बाळ काळं होईल म्हणते.

गोळीने शौचाचा रंग काळा होतो, बाळाचा नाही. गोळी रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायची असते. घरात ठेवता येत नसेल तर अंगणवाडीत किंवा आशाताईकडे ठेवा आणि रोज तिथे जाऊन घ्या. चहाबरोबर नको, लिंबूपाणी चालेल.

नको म्हटलं तरी नवरा ऐकत नाही. सातवा चालू आहे.

लग्न झालं म्हणून रोजचा होकार गृहीत धरला जात नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक अत्याचार स्पष्ट लिहिलेला आहे. तब्येतीच्या बाजूने बघायचं तर रक्तस्राव, जखम, लघवीचा आणि योनीमार्गाचा संसर्ग हे धोके आहेत. वार खाली असेल, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर जबरदस्ती जीवावर बेतू शकते. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील तर एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी पुन्हा करून घ्या. पहिल्या तिमाहीत केलेली निगेटिव्ह तपासणी नवव्या महिन्यासाठी पुरेशी नाही. लघवीला जळजळ वारंवार होत असेल तर तीही सांगायची गोष्ट आहे. नुसतं पाणी जास्त प्या म्हणून ती मिटत नाही, आणि उपचार न झालेल्या संसर्गाने कळा लवकर सुरू होऊ शकतात.

पहिल्या दोन मुली आहेत. ‘बघून ये’ म्हणून मागे लागलेत.

गर्भलिंग तपासणीवर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. करणारा आणि करायला लावणारा, दोघेही गुन्हेगार. तुमच्या मनातली भीती वेगळी असते, ‘मीच अडकेन’. कायद्याने उलट धरलं आहे: बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच आधी गृहीत धरलं जातं. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. कुणी आणून दिलेली ‘पाळी येण्याची गोळी’ घेऊ नका. दिवस जास्त झालेले असताना त्या गोळ्यांनी अतोनात रक्त जातं.

आणि मलाच हे मूल नको असेल तर? नवऱ्याची सही लागते ना?

लागत नाही. बाई १८ वर्षांची असेल तर फक्त तिची संमती. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांचं लागतं. लैंगिक अत्याचारातून राहिलेला गर्भ ही त्यातली एक परिस्थिती आहे, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही त्यात धरला जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला दिला आहे. काही खासगी दवाखाने सवयीने नवऱ्याची सही मागतात. ती त्यांची सवय आहे, कायदा नाही. मात्र आठवडे निघून जातात, म्हणून विचार करायला वेळ घ्या पण तारीख विसरू नका.

डॉक्टरांना खरं सांगितलं तर लगेच पोलीस केस होईल?

हाच प्रश्न बाथरूमच्या फरशीमागे असतो, म्हणून सविस्तर.

मारहाणीची जखम असेल तर रुग्णालय ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येऊ शकेल अशी केस) म्हणून नोंद करतं आणि पोलिसांना कळवू शकतं. पोलीस जबाब घ्यायला आले तरी तक्रार द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं असतं. ‘आत्ता तक्रार नको, पण नोंद राहू द्या’ हे एक पूर्ण, बरोबर उत्तर आहे. तक्रार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. २००५ च्या कायद्यात रुग्णालयांवर मदत देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि बाईने आधी कुठे नोंद केलेली नसली तर रुग्णालयाने कौटुंबिक घटनेचा अहवाल भरून याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा असं नियम सांगतात.

आता केसपेपरची किंमत. समजा तुम्ही दोन वर्षं काहीच केलं नाही. मग एक दिवस कोर्टात उभं राहायची वेळ आली. तेव्हा ‘मला गरोदरपणात मारलं होतं’ याला पुरावा काय? आईचा शब्द, बहिणीचा शब्द. त्याऐवजी तारखेसह लिहिलेलं असेल की ‘नवऱ्याने पोटावर लाथ मारल्याचे रुग्ण सांगते, डाव्या कुशीत ५ सेंटिमीटरचा वळ, २६ आठवडे’, तर तो कागद तुमच्या वतीने बोलतो. लिहिताना ‘सांगते’ एवढ्यावर न थांबता कुणी, कशाने, कुठे हे लिहा असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका. कागद घरी नेणं धोक्याचं असेल तर नेऊ नका. नोंद रुग्णालयात राहते, नक्कल पुढे काढता येते.

सगळेच डॉक्टर नीट ऐकतात असं मी म्हणणार नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणणारे मी पाहिले आहेत, पांढऱ्या कोटातले. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, सिस्टरला सांगा.

तपासणीला सासू आत येते. बोलू कधी?

लघवीचा नमुना द्यायला जाल तेव्हा. आतली तपासणी असेल तेव्हा पडद्यामागे. वजन घेताना सिस्टरच्या कानात ‘मला एकटीला बोलायचंय’ एवढंच म्हणा. बाकी बाहेर कसं पाठवायचं ते आम्हाला येतं. ‘आजी, हा कागद तेवढा खिडकीवर देऊन या’ म्हटलं की दहा मिनिटं मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. गर्दी फार असते, पण ‘९ तारखेला बोलावलंय’ हे घरातून निघायला चांगलं कारण आहे.

नाशिकमध्ये जायचं कुठे?

तब्येतीसाठी: त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, सगळे ज्याला सिव्हिल म्हणतात ते. महापालिकेची नाशिकरोडला बिटको, कथड्याला डॉ. झाकिर हुसेन, पंचवटीला इंदिरा गांधी. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून येणाऱ्यांनी थेट नाशिकची वाट न धरता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी पोचावं. सुटलेल्या वारेला घाटातला प्रवास परवडत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि १०२ ची गाडी मोफत असते, त्यामुळे ‘पैसे नवऱ्याकडे आहेत’ म्हणून अडू नका.

मदतीसाठी: १८१ ही महिला हेल्पलाइन. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, वकील आणि पोलीस मदत एका ठिकाणी मिळते. १८१ वरून तिथला पत्ता आणि संरक्षण अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या. वकिलासाठी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. फोनवर १५१००.

केस केली तर घर सोडावं लागेल?

नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्ही राहत असलेल्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही हताश होणार नाही. पण अंतरिम आदेश लवकर मागता येतो: त्याने जवळ येऊ नये, उपचाराचा खर्च द्यावा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सातव्यात माहेरी जायचंच आहे. तोवर काढू का?

माहेरी बाळंतपणाची आपली रीत अशा वेळी फार कामाची आहे. कुणाला संशय न येता बाहेर पडता येतं. धोका असेल तर सातव्याची वाट कशाला, डॉक्टरांकडून ‘विश्रांतीची गरज’ असं लिहून घ्या आणि पाचव्यात जा. फक्त आईला खरं कारण सांगा. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणाऱ्या आया असतात, पण लेकीच्या पोटावरचा वळ डोळ्यांनी बघून तसं म्हणणाऱ्या मला फार थोड्या भेटल्या.

मूल झालं की सुधारेल म्हणतात.

कुणी सुधारतही असेल. त्या भरवशावर पोट ठेवू नका. बाळंतपणानंतरही मारहाण चालू राहते, कधी वाढते. रडणारं बाळ, जागरण, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणं. मार खाणाऱ्या बाळंतिणीत नैराश्य जास्त दिसतं आणि अंगावरचं दूधही लवकर तुटतं. लगेच दुसरे दिवस जाऊ नयेत म्हणून बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते. घरात कळू नये असं वाटत असेल तर सहा आठवड्यांनंतर दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन. त्याची खूण राहत नाही.

जीव नकोसा झालाय. विहिरीकडे बघवत नाही.

हे वाचणाऱ्या बाईला सांगते: आज, आत्ता एका माणसाला हे शब्द जसेच्या तसे सांगा. बहीण, आशाताई, शेजारीण, कुणीही. कुणी नसेल तर १४४१६ वर टेली-मानस, दिवसरात्र, मराठीत बोलतात. हा विचार येणं म्हणजे तुमची आई होण्याची लायकी नाही असं नव्हे. इतके महिने धाकात काढल्यावर मन आजारी पडतं, आणि गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत. विष, फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुणाला तरी बाहेर ठेवायला सांगा.

मी तिची जाऊ आहे. मी काय करू?

तिला नवऱ्यासमोर विचारू नका, आणि त्याला जाब विचारायला जाऊ नका, त्याचा राग तिच्यावर निघतो. भाजी निवडताना, नळावर, दोघीच असताना म्हणा, ‘मला ऐकू येतं रात्री.’ पुढचं ती बोलेल, आज नाही तर पंधरा दिवसांनी. ‘सोडून दे त्याला’ म्हणू नका. सोडण्याच्या सुमारासच मारहाण सगळ्यात भयंकर होते, तो दिवस ठरवून, तयारीने आणि तिने स्वतः निवडायचा असतो. तुम्ही तपासणीला तिच्यासोबत जा. सासूऐवजी तुम्ही गेलात तर अर्धं काम झालं.

निघायची वेळ आली तर सोबत काय असावं?

माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार, स्वतःच्या नावाचं पासबुक. मातृवंदना योजनेचे पैसे तुमच्याच खात्यात येतात, ते खातं नवऱ्याच्या मोबाइल नंबरला जोडलेलं नाही ना, हे बघा. चालू गोळ्या, दोन कपडे, थोडी रोकड. दागिने तुमचे असतील तर तेही, स्त्रीधन आहे ते. हे सगळं घरात पिशवी भरून ठेवण्यापेक्षा आशाताईकडे किंवा बहिणीकडे ठेवा. कागद हलवता येत नसतील तर त्यांचे फोटो काढून बहिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. तिच्याशी एक शब्द ठरवून ठेवा. एकीने ‘चकलीची भाजणी संपली’ ठरवलं होतं. तो निरोप आला की बहिणीने काही न विचारता रिक्षा घेऊन यायचं.